गिटार न वाजवणारा माणूस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी दुपारी जेवणे उरकल्यावर माझ्या पुतणीने आमच्या जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले, त्यावर आपली इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आमच्याकडे येते. गिटार कुणाकडून तरी जुनी घेतलेली. काही दिवसांपासून तिच्यातून सतत घूं असा आवाज येई, बटण फिरवले की खरखर होई आणि मध्येच आवाज गायब. एका दुकानदाराने तपासून सांगितले होते, की ही आता गेली, नवीनच घ्या. पुतणीला ते पटले नव्हते.

मी शेजारी खुर्ची ओढून बसलो तो मदतीला नव्हे, काळजीपोटी. माझी उभी हयात बँकेत गेली. वायरी असलेली कोणतीही वस्तू आपण उघडायची नसते, कंत्राटदाराचा माणूस येईपर्यंत थांबायचे असते, हे तिथले पहिले शिक्षण. पुतणीने तारा सैल केल्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे अकरा स्क्रू काढले आणि ती पट्टी उचलली. पट्टीबरोबर सगळे तंत्रच वर आले. तीन वेटोळी, तीन बटणे, एक खटका, पेपरमिंटच्या गोळीएवढा एक कंडेन्सर आणि पाच-पंचवीस वायरी. बस, एवढेच! मी तर आत काहीतरी गहन असेल अशी कल्पना केली होती. आमच्या तालुक्याच्या गावी एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याच्या फळकुटावर उघडे पडलेले रेडिओ असेच दिसत.

ही तुलना किती नेमकी होती, ते पुढे आठवडाभर वाचन केल्यावर कळले. ती पट्टी अशी एका झटक्यात वर यावी, हे कुणीतरी ठरवून केले होते. तो माणूस खरोखरच रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याचे नाव लिओ फेंडर. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, ती सुरात लावताही येत नव्हती. आणि मला खुर्चीत सावरून बसवणारी गोष्ट म्हणजे, शिक्षणाने तो होता हिशेबनीस.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला. ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. तिथल्या कोठारातच त्याचा जन्म झाला. आज या भागाला ऑरेंज काउंटी म्हणतात, तेव्हा तिथे खरोखर संत्रीच पिकत. मुलगा आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होण्यापासून या डोळ्यानेच त्याला वाचवले.

लहानपणी त्याला पियानो शिकवला, मग सॅक्सोफोन. दोन्हींत मन रमले नाही. मन रमले ते एका खोक्यात. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याच्या मामाने ते पाठवले होते. मामाचे सांता मारिया गावात मोटारींच्या विजेच्या दुरुस्तीचे दुकान होते. खोक्यात होते रेडिओचे टाकाऊ भाग आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ मामाकडे गेला, तर दुकानाच्या दर्शनी भागात मामाने सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ मोठ्याने गात होता. तो मोठा, मोकळा आवाज मुलाच्या मनात घर करून बसला. घरी येऊन त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली. विजेचे एवढेच काय ते त्याचे शिक्षण. पुढे कोणत्याही महाविद्यालयात तो हा विषय शिकला नाही.

कारण पोटापाण्याचा रस्ता वेगळा होता. १९२८ मध्ये शाळा संपवून त्याने फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात हिशेबशास्त्र घेतले. नंतर बर्फाच्या एका कंपनीत आधी घरोघर माल पोचवण्याचे आणि मग खतावणी लिहिण्याचे काम केले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की या मुलीशी लग्न झाले. राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनिसाची नोकरी लागली. सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, असे तिथेही वाटत असणारच. पण ते महामंदीचे दिवस होते. खात्याने पदे कमी केली आणि लिओ घरी बसला. मग टायरच्या एका कंपनीच्या हिशेब विभागात लागला. सहा महिन्यांत तिथल्याही हिशेबनिसांना नारळ मिळाला.

एकाच माणसाची दोनदा नोकरी जावी आणि दोन्ही वेळा कामात कसूर नसावी, हे दुःख आमच्या पिढीने मंदीत नव्हे, तर गिरण्या बंद पडताना पाहिले आहे. अशा वेळी माणूस आपल्या हाताला दुसरे काय येते, याचा विचार करू लागतो. १९३८ मध्ये लिओने सहाशे डॉलर कर्जाऊ घेतले आणि नवराबायको फुलर्टनला परत आली. तिथे त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. फेंडर रेडिओ सर्व्हिस. वय एकोणतीस.

दुकानात रेडिओ येत, ग्रामोफोन येत आणि हळूहळू वादकही येऊ लागले. सभासमारंभांसाठी लिओ लाउडस्पीकर बनवून भाड्याने देई. ते घ्यायला आलेले वादक आपली गाऱ्हाणी सांगत. त्या काळी नृत्यशाळांमधून मोठमोठे बँड वाजत. पितळी वाद्यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकू येणार? गिटारला माइक लावावा, तर तिचे पोकळ पोट स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडी आणि कुईं अशी शिटी घुमू लागे. गणेशोत्सवाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहेच.

यावर उपाय निघाला होता. १९३० च्या दशकाच्या आरंभीच मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेची हवाईयन गिटार बाजारात आली होती. आपल्याकडे पुढे रेडिओवर व्हॅन शिपले यांची इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेली सिनेगीते ज्यांनी ऐकली, त्यांच्या कानात तो घसरता स्वर अजून असेल. तिच्यामागचे तत्त्व सायकलच्या डायनॅमोचे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. गिटारमध्ये चुंबक आणि वेटोळे जागच्या जागी बसवलेले असतात आणि त्यांच्यावर पोलादी तार थरथरते. तिच्या थरथरीबरोबर चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अगदी अशक्त, पण हुबेहूब त्याच लयीची वीज उमटते. या जोडीला पिकअप म्हणतात. ती अशक्त वीज ॲम्प्लिफायरने मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची. हवेतला आवाज यात पकडायचाच नसतो, पकडायची असते तारेची थरथर. मग गिटारला पोकळ पोट हवेच कशाला?

युद्धकाळात लिओची गाठ डॉक कॉफमन या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या खटपट्या माणसाशी पडली. दोघांनी आपला पिकअप तपासण्यासाठी एका भरीव लाकडावर गिटारची दांडी चढवली. दिसायला ओबडधोबड, पण आवाज इतका स्वच्छ, की आसपासचे वादक ती भाड्याने नेण्यासाठी रांग लावू लागले. १९४५ मध्ये दोघांनी भागीदारीत कारखाना काढला. कॉफमनला मात्र कर्जाची भीती वाटे. वर्षभरातच तो बाहेर पडला. लिओने एकट्याने आपल्या आडनावाची कंपनी चालू ठेवली. पहिली काही वर्षे ओढाताणीची गेली. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करी आणि तिच्या पगारावर घर चाले, कधी कधी कारखानाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा पगाराची नोंद एका ओळीत होते. बँकेच्या काउंटरवर मी असे पगार वर्षानुवर्षे जमा होताना पाहिले आहेत, म्हणून ती ओळ मी दोनदा वाचली.

१९५० मध्ये लिओची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. अशी गिटार करणारा तो पहिला नव्हता. लेस पॉल या वादकाने त्याआधीच लाकडाच्या ओंडक्यावर प्रयोग केले होते, पॉल बिग्सबी या कारागिराने १९४८ मध्ये एक सुंदर नमुना करून दिला होता. पण या सगळ्या एकेकट्या कलाकृती होत्या. लिओचा प्रश्न निराळा होता. ही वस्तू उद्या बिघडली तर काय?

वाद्ये बनवणाऱ्या घराण्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पहिला सुचत नाही. तो लाकडाचा विचार करतो, सुराचा करतो. लिओने बारा वर्षे दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू उघडल्या होत्या. कोणत्या कंपनीचा स्क्रू कुठे लपवलेला असतो, कोणता भाग बदलण्यासाठी आधी चार चांगले भाग काढावे लागतात, हे त्याच्या बोटांना माहीत होते. आणि त्याचे गिऱ्हाईक होते गावोगाव फिरणारे वादक. शनिवारी रात्री दूरच्या कुठल्या तरी गावात गिटार बंद पडली, तर त्या रात्रीची कमाई बुडते. म्हणून त्याने दांडी सरसाने चिकटवलीच नाही. ती चार स्क्रूंनी बसवली. झिजली तर काढा, दुसरी लावा. बटणे आणि खटका एका लांबट धातूच्या पट्टीवर घेतले आणि पट्टीला दोन स्क्रू. ते काढले की सारी जोडणी समोर. तारासुद्धा सैल करायला नकोत.

व्यापारी मेळाव्यात लोक हसले. त्यांना ती होडीच्या वल्ह्यासारखी दिसली. काही बाबतीत लिओही चुकला. दांडीच्या पोटात पोलादी सळई घालण्याची गरज नाही, असे त्याला वाटे. पहिल्या काही गिटारींच्या दांड्या वाकू लागल्या, तेव्हा विक्री पाहणाऱ्या डॉन रँडलच्या आग्रहावरून सळई आली. नावाचाही घोळ झाला. ब्रॉडकास्टर हे नाव ठेवले, तर ढोल बनवणाऱ्या ग्रेच कंपनीने तारेने कळवले की हे आमचे आहे. छापलेली चिठ्ठी वाया घालवणे हिशेबनिसाला कसे पटावे? कारखान्याने चिठ्ठ्यांवरचे तेवढे नाव कात्रीने कापले आणि काही महिने बिननावाच्या गिटारी विकल्या. १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नवे नाव रुजू झाले. त्याच वर्षी त्याने विजेची बेस गिटारही आणली आणि माणसाएवढे उंच डबल बेस गाडीच्या टपावर बांधून नेणाऱ्यांची सुटका केली.

मग १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. आमच्या टेबलावरची गिटार हिचीच नक्कल. हवाईहून आलेला वादक फ्रेडी टावारेस कारखान्यात नोकरीला होता, त्याने आकाराची रेखाटने केली. बिल कार्सनसारख्या वादकांनी वाजवून वाजवून दोष काढले, कडा छातीला रुततात, हाताला टोचतात म्हणून सांगितले, आणि त्या कडा गोलसर झाल्या. लिओला वाजवता येत नव्हते, त्यामुळे त्याला ऐकून घ्यावेच लागे. हा त्याचा उणेपणा होता, तसा फायदाही.

या गिटारीत सगळी विजेची जोडणी त्याने एकाच पट्टीच्या पाठीवर घेतली. पिकअप तीन. प्रत्येकात सहा चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. यंत्र फिरे, पण तार हातानेच सावरावी लागे, त्यामुळे प्रत्येक वेटोळे थोडे वेगळे होई. हे काम बहुतेक बायका करीत. त्यांतली अबिगेल इबारा १९५६ मध्ये कामाला लागली आणि पुढे तिच्या हातच्या पिकअपसाठी वादक पदरचे जास्तीचे पैसे मोजू लागले. वेटोळ्यातून निघालेली वीज खटक्याकडे जाते. कोणता पिकअप बोलणार, ते खटका ठरवतो. तिथून आवाजाच्या बटणाकडे. हे बटण म्हणजे पाण्याची चावी. किती वीज पुढे जाऊ द्यायची आणि किती जमिनीत सोडायची, ते ते पाहते. दुसरी दोन बटणे सुराचा रंग बदलणारी. त्यांच्या वाटेवर कंडेन्सर बसलेला असतो. कंडेन्सर तीव्र, टोकदार स्वरांना चटकन वाट देतो आणि खर्जाला अडवतो. बटण फिरवले की टोकदार स्वर त्या वाटेने जमिनीत निघून जातात, उरतो तो मऊ, गोल आवाज. शेवटी दोन वायरी बाहेरच्या जॅककडे जातात आणि एक मागच्या स्प्रिंगांकडे, तारांना अर्थिंग देण्यासाठी. गिटारची सारी विद्युतव्यवस्था एवढीच.

पुतणीने मल्टिमीटर लावला आणि एकेक जोड तपासू लागली, तेव्हा मला एकदम बँकेतले जुने दिवस आठवले. संगणकापूर्वी महिनाअखेरीला लेजरांची बेरीज जुळत नसे. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत सगळी शाखा एका फरकासाठी बसून राही. जुने हेडक्लार्क आधी त्या फरकाला नऊने भागून पाहात. भाग पूर्ण गेला, तर बहुधा कुणीतरी ६३ च्या जागी ३६ लिहिलेले असे. सगळी पाने पुन्हा तपासण्याऐवजी चूक कुठे असू शकते, ती जागा आधी लहान करत न्यायची. पुतणी तेच करत होती. तारांना हात लावल्यावर घूं हा आवाज कमी व्हायला हवा होता, तो होत नव्हता. घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, तीच ही वेटोळी हवेतून उचलतात आणि घुमतात. तारांचे अर्थिंग शाबूत असेल, तर वादकाच्या अंगातून येणारी भर तरी थांबते. म्हणजे दोष अर्थिंगच्या वायरीत. तिने मागचे झाकण उघडले. स्प्रिंगांच्या आकड्यावरचा सोल्डरचा डाग निखळून वायर नुसतीच लोंबत होती.

मागे वळून पाहता, लिओच्या या मोकळ्या रचनेचा वादकांनी किती उपयोग केला, ते थक्क करणारे आहे. त्याने खटक्याला तीन जागा दिल्या होत्या. वादकांनी खटका दोन जागांच्या मध्येच अडकवला, तेव्हा दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि एक काचेसारखा पोकळ, गोड आवाज निघाला. लिओच्या ध्यानीमनी नसलेला. कंपनीने १९७७ मध्ये पाच जागांचा खटका देऊन त्यावर शिक्कामोर्तब केले. खालच्या पिकअपला सुराचे बटण नव्हते, लोकांनी एक छोटी वायर जोडून ते दिले. डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने उजव्यांची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मैदानात तिच्यातून असे आवाज काढले, की ग्रामीण कंट्री संगीताच्या आवडीत वाढलेल्या लिओला ते आपल्या यंत्रातून निघतील असे स्वप्नातही वाटले नसेल. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या आणि तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जोडली. ती २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या गिटारीची दांडी, पिकअप, खटके इतक्या वेळा बदलले होते, की मूळचे तिच्यात काय उरले हा प्रश्नच पडावा. २०१९ मध्ये तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. ते पैसे गिल्मरने पर्यावरणाच्या कामाला दिले.

पण लिओची स्वतःची कहाणी एवढ्या सरळ रेषेत गेली नाही. १९५५ च्या सुमारास त्याला नाकाच्या पोकळ्यांत जंतुसंसर्ग झाला. तो बरा होईना. दहा वर्षे हे दुखणे त्याला पोखरत राहिले. आपण आता फार जगणार नाही, अशी त्याची खात्री झाली. कारखान्यात शेकडो माणसे होती, पसारा वाढला होता आणि मागे मूलबाळ नव्हते. आजारी माणसाने व्यवहार मार्गी लावावेत, तसे त्याने केले. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. याच सीबीएसने आदल्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीज या अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या बेसबॉल संघाचा मोठा हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता, यावरून या सौद्याचा आकार लक्षात यावा. सहाशे डॉलरच्या कर्जापासून सत्तावीस वर्षांत हा पल्ला. कोणत्याही बँकेने अभिमानाने भिंतीवर लावावा असा ताळेबंद.

मग त्याने डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला.

नव्या औषधांनी ते दहा वर्षांचे दुखणे गेले. लिओ अजून साठीचाही नव्हता. पुढे आणखी सव्वीस वर्षे जगला. पण कंपनीबरोबर त्याने आपले आडनावही विकले होते. गिटारवर फेंडर लिहिण्याचा हक्क आता त्याचा नव्हता आणि दहा वर्षे स्पर्धेत न उतरण्याच्या कराराने हात बांधले होते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितले, की वस्तू गेली असे समजू नका, आधी उघडून पाहा, त्याने स्वतःच्या देहाबाबत मात्र पहिल्याच निदानावर भरवसा ठेवला. बँकेत मी अनेकांना भीतीच्या भरात मुदत ठेवी मोडताना पाहिले आहे. दोन महिन्यांनी ती माणसे परत येत, काउंटरपाशी उभी राहत आणि काही बोलत नसत. आपणही काही बोलायचे नसते.

नव्या मालकांच्या काळात उत्पादन वाढले, दर्जा मात्र घसरत गेल्याची तक्रार वादक करू लागले. १९६५ पूर्वीच्या गिटारी शोधून शोधून घेतल्या जाऊ लागल्या. ज्यांना त्या परवडत नव्हत्या, त्यांनी दुसरा मार्ग धरला. आपल्याच गिटारची पट्टी उघडायची आणि आतले पिकअप बदलायचे. १९७० च्या दशकात डिमार्झिओ, सेमूर डंकन अशा कंपन्या नुसते बदली पिकअप विकून नावारूपाला आल्या. हा धंदा लिओच्या स्क्रूंवर उभा राहिला, असे म्हटले तर चूक होणार नाही. कारखाना त्याच्या हातातून गेला होता, पण उघडून दुरुस्त करण्याची सोय त्याने वस्तूतच घालून ठेवली होती. ती कुणाला विकत घेता येण्यासारखी नव्हती.

लिओ घरी बसणारा नव्हताच. काही वर्षे तो सीबीएसचा सल्लागार राहिला. कराराची मुदत सरल्यावर १९७५ मध्ये तो म्युझिक मॅन या कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी त्यांची स्टिंगरे ही बेस गिटार आली, तिच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर होता. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन या १९४८ पासूनच्या जुन्या सहकाऱ्याबरोबर त्याने तिसरी कंपनी काढली, जी अँड एल. जॉर्ज आणि लिओ यांची आद्याक्षरे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपलेच आडनाव वापरता येत नव्हते, म्हणून पहिल्या नावाचे एक अक्षर. १९८० मध्ये फिलिस ही दुसरी पत्नी त्याच्या आयुष्यात आली.

शेवटच्या वर्षांत त्याला कंपवाताने गाठले. हात थरथरत, बोलणे कठीण झाले. तरीही तो रोज आपल्या खोलीत येई, बाकावर बसे आणि चुंबकांची, वेटोळ्यांची नवी मांडणी करून पाही. पहिल्या पिकअपला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे होत आली होती आणि तो अजून त्याला पुरता पटलेला नव्हता. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्ये तो वारला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. आदल्या दिवशीसुद्धा तो कामावर जाऊन आला होता. पुढच्या वर्षी रॉक संगीताच्या सन्मानगृहात त्याचे नाव लागले. त्याची कामाची खोली नंतर अनेक वर्षे तशीच जपून ठेवली होती.

आमच्या टेबलावर त्या दुपारी फार मोठे काही घडले नाही. पुतणीने बुधवार पेठेतून आणलेले नवे बटण खरखरणाऱ्या बटणाच्या जागी बसवले. कोणती वायर कुठून आली, याचा फोटो तिने आधीच काढून ठेवला होता. मग ती लोंबती वायर. स्प्रिंगांच्या आकड्यावरचा गंज तिने पॉलिश पेपरने घासला, सोल्डरिंग आयर्न टेकवले आणि मला वायर चिमट्यात धरायला सांगितली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी असल्या कामाला हात लावल्याचे आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच पाहिले. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. रोझिनचा धूर वर आला, डाग क्षणभर पाऱ्यासारखा चमकला आणि थिजला.

तिने अकरा स्क्रू परत लावले, तारा ताणल्या, सूर जुळवले आणि वायर छोट्या ॲम्प्लिफायरला जोडली. तारांना हात लावताच घूं खाली गेले. एक सूर छेडला, तो स्वच्छ आला आणि बराच वेळ टिकला. दुकानदाराने गेली म्हणून सांगितलेली ती गिटार आता पुण्यात तिच्या खोलीत आहे.

मला अजूनही गिटारमधले काही कळत नाही. पण माळ्यावर माझ्या वडिलांचा जुना रेडिओ पडून आहे. तो बंद पडला त्याला कितीतरी वर्षे झाली आणि तो गेला, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. पुतणीला मी तो खाली काढायला सांगितला आहे. दिवाळीत येईल तेव्हा उघडून पाहू.